मोहिते सरांचं मशीन

मोहिते सर ग्वाल्हेरच्या आमच्या शाळेत पी.टी. शिकवायचे आणि मी कॉम्प्युटर. उन्हाळ्यात मुलांना माझा तास हवा असायचा, कारण लॅबमध्ये कूलर होता. मोहिते सर ग्राउंडवरून येता-जाता लॅबच्या दारात थांबायचे, आत डोकावायचे आणि म्हणायचे, "मुळ्ये, किती दाबून ठेवलीयस रे पोरं! जरा उन्हात सोड, बुरशी लागेल." मुलं हसायची. सर हसायचे नाहीत. त्यांना ते खरंच वाटायचं.

बांधा काटकुळा आणि ताठ. बूट कायम पांढरेशुभ्र. ग्राउंडच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या मुलाला माइकशिवाय झापता येईल असा आवाज. हाच आवाज ते स्टाफरूममध्येही वापरायचे, त्यामुळे त्यांच्याशी खाजगी बोलणं ही गोष्टच नव्हती. त्या स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच मराठी. इतरांना कळू नये असं काही असलं की सर मराठीत शिरायचे, पण तिसऱ्या वाक्याला हिंदीत बाहेर पडायचे, आणि हिंदीच्या भदौरिया मॅडम शांतपणे म्हणायच्या, "सर, हमें तो मराठी वाला भी समझ में आ गया."

त्यांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर आले, माझे दफ्तराबरोबर. यावरून ते मला छेडायचे. "तुमचे लोक लिहायला आले, आमचे लढायला. आणि आता बघ, दोघंही पोरांची हजेरी घेऊन राहिलोय."

शर्यतीत हरलेल्या मुलाने सबब सांगितली की सर भडकायचे. बूट चावला, ऊन लागलं, लेन खराब होती, काहीही. "बहाणा हा हरणाऱ्याचा दागिना असतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आजही कुणी उशिरा येऊन ट्रॅफिकचं कारण सांगितलं की मला ते आठवतं. मोबाइल हा त्यांचा दुसरा शत्रू. मुलांकडून काढून घेतलेले फोन ते हेडमास्तरांच्या टेबलावर असे ठेवायचे, की जणू मेलेले उंदीर आहेत.

त्यांची बायको आणि मुलगा इंदूरला राहायला गेले, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. का गेले, हे कुणी विचारलं नाही. सर लष्कर नावाच्या भागातलं भाड्याचं मोठं घर सोडून बिर्लानगरमध्ये एका जुन्या क्वार्टरमध्ये राहायला गेले. शाळेत येणं-जाणं तसंच, बूट तसेच पांढरे. फक्त त्यांचा डबा बंद झाला. मधल्या सुट्टीत ते गेटवरून कचोरी आणून उभ्यानेच खायचे.

एका दुपारी शाळा सुटल्यावर ते लॅबमध्ये आले आणि त्यांनी आत येऊन दार लावलं. हे नवीनच होतं.

"मुळ्ये, एक विचारायचंय. हसू नकोस. कॉम्प्युटरला दम लागतो का?"

मी म्हणालो, "म्हणजे कसं सर?"

"म्हणजे आधी नीट धावतो. मग जोरात पळायची वेळ आली की थांबतो. परत पळतो. परत थांबतो. दम्याचा पेशंट धावतो ना, तसं."

थोडं उलटसुलट विचारल्यावर सगळं बाहेर आलं. मुलगा सार्थक तेव्हा नववीत होता. सर त्याला आठवड्यातून दोन-तीनदा फोन करायचे. जेवलास का? हो. अभ्यास? हो. आई बरी आहे? हो. ठेवू? हो. "चार हो मध्ये पोरगा संपतो, यार," सर म्हणाले. मग एकदा असाच फोन केला तर सार्थक म्हणाला, बाबा, मी आत्ता मॅचमध्ये आहे, नंतर करा. कुठली मॅच? ऑनलाइन. सरांनी, स्वतःच्या आयुष्यात पहिल्यांदाच, ओरडण्याऐवजी विचारलं, "मला येता येईल का त्यात?" पलीकडची बटणांची टकटक थांबली. मग मुलगा म्हणाला, "बघा ट्राय करून."

असा तो खेळ सुरू झाला. चौघांची टोळी विमानातून एका बेटावर उतरते, हत्यारं शोधते आणि समोरच्या टोळ्यांना संपवत शेवटपर्यंत टिकायचं असतं. सार्थक, त्याचे दोन मित्र आणि चौथे मोहिते सर. दर रविवारी संध्याकाळी. आणि दर रविवारी सर सगळ्यांत आधी मरायचे, कारण ऐन वेळी त्यांचं चित्र अडकायचं.

"पोरगा काही बोलत नाही," सर म्हणाले. "पण त्याचे दोस्त बोलतात. अंकल का फिर अटक गया. मला हे बंद करायचंय. मशीनमध्ये दम आण. जे लागेल ते कर."

त्या रविवारी मी बिर्लानगरला गेलो. खोलीत एक खाट, भिंतीला टेकवलेल्या हॉकीच्या काठ्या, आणि टेबलावर जुना कॉम्प्युटर, बहुधा सार्थक लहान असताना घेतलेला. मी चालू केला आणि कपाळाला हात लावला. मशीन वेगवान करून देतो असं सांगणारे जेवढे फुकटचे प्रोग्रॅम इंटरनेटवर मिळतात, ते सगळे सरांनी उतरवून घेतले होते. ते सगळे एकाच वेळी चालू होते आणि एकमेकांना वेगवान करत होते.

"सर, हे सगळे कोच आहेत," मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. "एका खेळाडूला एवढे कोच. तो धावणार कधी?"

त्यांना एकदम पटलं. "काढ सगळे. बिलकुल काढ."

मी काढले. मशीन वीज वाचवण्याच्या सेटिंगवर होतं, ते बदललं. खेळाचं चित्र थोडं बारीक केलं, गवत कमी केलं, सावल्या बंद केल्या. सर मागे उभे राहून बघत होते. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसेल असं करून दिलं. सेकंदाला किती चित्रं दिसतात, ते सांगणारा आकडा. जास्त असला तर खेळ सुळसुळीत, कमी झाला की अडखळणार. हा आकडा सरांना फारच आवडला. आयुष्यभर हातात स्टॉपवॉच धरलेला माणूस. आकडा वीस-पंचवीसच्या आसपास डुगडुगत होता, तो चाळिशीकडे गेला, आणि सरांनी माझ्या पाठीत असा दणका दिला की चष्मा घसरला.

मी निघणार होतो, पण त्यांनी थांबवलं. "पाच वाजता येतील पोरं. बघ तरी."

पाच वाजता स्पीकरमधून आवाज आला. "बाबा, ऐकू येतंय?"

कोवळा, नुकताच फुटलेला आवाज. सर खुर्चीत पुढे सरकले. "येतंय रे. आज मुळ्ये सरांनी मशीनला टाईट केलंय. आज बघ."

मग मित्र आले आणि मुलाची भाषा बदलली. बाबांचे पापा झाले, 'तुम्ही'चं 'आप' झालं. सर मात्र त्या टोळीत अंकल होते. "अंकल, लेफ्ट में! लेफ्ट में!" कुणीतरी ओरडलं, आणि सरांनी स्वतःची मान डावीकडे वळवली. खिडकीकडे. पडद्यावरचा माणूस मात्र सरळच बघत राहिला. गोळ्यांचा आवाज झाला आणि सर संपले.

"पापा, फिर अटक गया क्या?" सार्थकने विचारलं.

"हां बेटा," सर म्हणाले. "अटकलं."

माझं लक्ष त्या कोपऱ्यातल्या आकड्यावर होतं. तो जरासुद्धा हलला नव्हता.

त्यानंतर ते मशीन हे सरांचं खरं काम झालं. शाळेत भेटले की पहिला प्रश्न मशीनचा. भदौरिया मॅडमना वाटायचं घरी कुणी आजारी आहे. "कैसी तबीयत है अब?" असं त्या विचारायच्या आणि सर गंभीरपणे सांगायचे, "पहले से ठीक है, मगर गर्मी में तकलीफ़ होगी."

ती झालीच. ग्वाल्हेरचा मे महिना माणसाला सोडत नाही, तिथे यंत्राचं काय. दुपारी लूचं गरम वारं सुटलं की त्या क्वार्टरच्या भिंती संध्याकाळपर्यंत तव्यासारख्या तापलेल्या असायच्या. कॉम्प्युटर गरम झाला की स्वतःला वाचवायला आपोआप हळू चालतो, हे मी सरांना सांगितलं होतं. ते मान डोलावून म्हणाले होते, "शहाणं आहे मग. माणसाला एवढी अक्कल नसते." आणि पुढच्या रविवारी मी गेलो तर त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू उघडून, बरोबर समोर पाण्याचा कूलर लावला होता. ओली हवा थेट आत. मी धावत जाऊन तो बंद केला.

"अरे, त्याला गार वाटत होतं!"

"सर, त्याला गंज लागेल."

मग आम्ही तो डबा अंगणात नेला. आत एवढी धूळ, की पंख्यांची पाती दिसत नव्हती. माझ्याकडे ब्रश होता. सरांनी फुटबॉलमध्ये हवा भरायचा पंप आणला. मी बोटाने पाती धरून ठेवायचो आणि ते पंप मारायचे, तालात, 'एक-दो, एक-दो' म्हणत. शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या. मुख्य चिप गार ठेवणारा लेप वाळून चुन्यासारखा पडला होता, तो खरवडून नवीन लावला. संध्याकाळी मशीन तास दीड तास धापा न टाकता चालत राहिलं. सर त्या दिवशीही पहिले मेले, पण थोडे उशिरा मेले, आणि ते त्यांनी मला सोमवारी, मंगळवारी आणि बुधवारी सांगितलं.

मग नवीन मेमरी आली. मग वायफायऐवजी राउटरपासून खाटेखालून ओढलेली तार आली, कारण सार्थकने सांगितलं होतं की नेट तारेतून जास्त भरवशाचं असतं. शेवटी ग्राफिक्स कार्ड आलं. सरांनी सिटी सेंटरमधल्या एका दुकानातून ते स्वतः आणलं, स्वतः बसवलं, आणि सोमवारी शाळेत आले ते चेहरा पाडूनच.

"फसवलं मुळ्ये. काही फरक नाही. आकडा तोच आहे. दुकानदाराने रिकामा डबा दिला मला."

मी संध्याकाळी गेलो. कार्ड उत्तम होतं, बसवलंही नीट होतं. फक्त पडद्याची वायर अजून जुन्याच ठिकाणी खोचलेली होती. म्हणजे नवा पहिलवान आखाड्यात उभा आणि कुस्ती जुनाच खेळत होता. मी वायर काढून चार बोटं खाली, नव्या कार्डात लावली. मशीन परत चालू केलं. सरांनी खेळ उघडला. बेटावरचं गवत वाऱ्यावर हलताना दिसलं. समुद्र चमकला. आकडा शंभराच्या वर गेला आणि तिथेच राहिला.

 बराच वेळ सर नुसते त्या बेटावरून चालत राहिले, इकडे-तिकडे मान वळवत. मग म्हणाले, "त्याला हे असं दिसत असेल ना, इतके दिवस?"

"कुणाला?"

"सार्थकला. त्याला हे दिसायचं, आणि मी दुसऱ्याच कुठल्या जागी होतो."

त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट असेल. शाळेत वार्षिक क्रीडा दिवसाची तयारी चालली होती. चुन्याने ट्रॅक आखताना मी सरांच्या बरोबर होतो, कारण घोषणांची माइक-व्यवस्था माझ्याकडे असायची. चुना टाकता टाकता सर मध्येच थांबले.

"सार्थक इथेच होता ना पाचवीपर्यंत. आठवतो तुला?"

आठवत होता. गोल चेहऱ्याचा, गप्प.

"त्याला मी लांबच्या रेसमध्ये टाकला होता. त्याला नको होतं. मी म्हटलं, माझा पोरगा आणि पळणार नाही? शेवटचा आला. सगळे पोहोचले, बसले, पाणी पिऊन झालं, आणि हा एकटा येऊन राहिला होता. माइक माझ्या हातात. मी काय बोललो माहीत आहे?" सरांनी चुन्याची पाटी खाली ठेवली. "मी बोललो, और ये देखिए, हमारे मोहिते साहब, आराम से पधार रहे हैं. सगळं ग्राउंड हसलं. पालक, पोरं, सगळे. मीपण हसलो. मला वाटलं गंमत केली."

मी आखणीची दोरी ताणून धरली. 

"घरी त्याच्या आईने विचारलं तर त्याने सांगितलंसुद्धा नाही. तिला दुसऱ्या कुणाकडून माहीत पडलं. असं एकच नाही रे, अशी खूप होती. ती म्हणायची, घरात पण शिट्टी वाजवतोस तू." ते परत चुना टाकायला लागले. रेघ त्यांची नेहमी सरळ असायची, तशीच होती. "आता तो म्हणतो, पापा थोडे स्लो हैं. दोस्तांना सांगतो, पापा स्लो हैं, उन्हें साथ लेके चलो. आवाज न चढवता सांगतो. आणि माझ्याकडे माइक होता."

त्या हिवाळ्यात सार्थक ग्वाल्हेरला आला. आईच्या माहेरचं लग्न होतं, आणि त्यातली एक दुपार त्याने वडिलांसाठी मागून घेतली होती. मुलाने स्वतः मागितली, हे सरांनी मला दोनदा सांगितलं. मीही यावं असा त्यांचा आग्रह होता. "मशीनचं काही झालं तर तू पाहिजेस." मला कळत होतं की मशीनचं काही होणार नव्हतं. त्यांना एकट्याला त्या मुलासमोर बसायची भीती वाटत होती.

मी गेलो तेव्हा खोली झाडलेली होती, खाटेवर नवी चादर, तिळगुळाच्या गजकाचा डबा उघडून ठेवलेला. सार्थक सरांपेक्षा उंच झाला होता. ओठावर लव. वाकून नमस्कार केला, "कसे आहात सर?" म्हणाला, आणि खाटेच्या कडेवर बसला. वडील खुर्चीत, मुलगा खाटेवर, दोघांची नजर बंद पडद्यावर.

"खेळून बघ ना," सर शेवटी म्हणाले. "बघ कसं आहे."

सार्थक खुर्चीत बसला आणि त्याचे खांदे सैल झाले. त्याने माउसचा वेग बदलला, खुर्ची थोडी खाली घेतली, आणि खेळ सुरू केला. मी असा खेळ पाहिला नव्हता. आवाज यायच्या आधी तो वळायचा. त्याचं शरीर हलतच नव्हतं, फक्त मनगट हलायचं. एकट्याने, अनोळखी लोकांच्या टोळीत, तो शेवटपर्यंत टिकला आणि जिंकला. सर त्याच्या मागे उभे होते, हात पाठीमागे बांधून, ग्राउंडवर उभे राहायचे तसे. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी शाळेत कुठल्याही ट्रॉफीच्या वेळी पाहिलेलं नव्हतं.

"पळालास रे," ते म्हणाले. "काय पळालास!"

सार्थक हसला. कानांपर्यंत लाल झाला. मग कौतुकानेच, मनापासून, म्हणाला, "मशीन एकदम मस्त आहे बाबा. काहीच प्रॉब्लेम नाही. माझ्यावाल्यापेक्षा भारी आहे. कहीं नहीं अटका."

 बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"मग मी अटकतो," सर म्हणाले.

मुलाच्या लक्षात आलं तो काय बोलला ते. "नाही बाबा, तसं नाही... म्हणजे एज का होता है थोडा. रिॲक्शन टाइम. सबका होता है. आमच्या कोचिंगचे सर तर माउस पण धरू नाही शकत."

"हां हां," सर म्हणाले. "बहाणे नकोत. ठीक आहे. गजक घे."

त्याने गजक घेतला. थोड्या वेळाने आईचा फोन आला आणि तो उठला. दारात त्याने परत नमस्कार केला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मला वाटलं ते त्याला जवळ घेतील. पण त्यांनी त्याची पाठ सरळ केली, दोन बोटांनी, जशी ते सकाळच्या प्रार्थनेला मुलांची करायचे. आणि लगेच हात काढून घेतला.

इथून पुढे मशीनचा विषय काही दिवस बंद झाला. सरांनी स्वतःला प्रशिक्षणाला घातलं. स्टाफरूममध्ये भदौरिया मॅडमच्या हातात पट्टी द्यायचे आणि म्हणायचे, "छोड़िए, बिना बताए." मॅडम पट्टी सोडायच्या, सर दोन बोटांत पकडायचे, आणि किती इंचांवर पकडली ते बघायचे. मॅडम कंटाळून पेपर तपासता तपासता पट्टी सोडायच्या, आणि तेव्हा सर हमखास चुकायचे. सकाळी शाळेच्या भिंतीवर टेनिसचा चेंडू मारून दोन्ही हातांनी झेलायचे. डोळ्यांचे व्यायाम करायचे. त्या वयाच्या माणसात जेवढी सुधारणा होते तेवढी झाली. म्हणजे झाली, पण ती त्यांच्याशिवाय कुणाला दिसली नाही.

तिकडे मुलं मोठी होत होती. आता ती क्रमवारीचे सामने खेळायची, जिथे एक कच्चा गडी सगळ्यांना खाली ओढतो. पहिल्यांदा सार्थकने फार जपून विचारलं, "पापा, आज रैंक मैच है. आज आप देख लोगे?" सर म्हणाले, "बिलकुल. मजेत खेळा." पुढच्या रविवारीही बघितलं. मग बघणंच सुरू झालं. एका रविवारी मी काही कामाने गेलो तेव्हा ते आपल्या पडद्यावर, मुलाच्या डोळ्यांनी, ते बेट बघत बसले होते. स्वतःचा माइक त्यांनी बंद ठेवला होता, मध्येच आवाज जाऊन मुलांचं लक्ष उडू नये म्हणून. आणि त्या बंद माइकमध्ये ते हळू आवाजात सांगत होते, "डावीकडे बघ. डावीकडे. खाली वाक. शाबास."

अकरावीला सार्थकला कोचिंग लागलं, रविवारच्या टेस्ट लागल्या. संध्याकाळ आधी महिन्यातून दोनदा झाली, मग कधीतरी. सर खोलीत मात्र पाचला तयार असायचे. मग एक मेसेज आला. तो त्यांनी मला स्टाफरूममध्ये दाखवला, फोन हातभर लांब धरून. 'बाबा गेम डिलीट कर दिया. टाइम नाही मिळत आणि बोर पण झालं. एग्ज़ाम के बाद बघू.' खाली हात जोडल्याचं चित्र.

"चांगलं केलं," सर म्हणाले. "मीपण हेच सांगितलं असतं. मैदान सोडून खोलीत बसायचं म्हणजे काय? आणि अभ्यासाचं वय आहे." आवाज नेहमीचाच होता, ग्राउंडपलीकडे जाईल असा. भदौरिया मॅडमनी मान वर केली आणि काही न विचारता परत खाली घातली.

परीक्षा झाल्या. सार्थकला दक्षिणेत कुठेतरी चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला. सरांनी सगळ्या स्टाफला कचोरी खिलवली. फोन होत असावेत. कसे होत असावेत, ते मी विचारलं नाही.

या मे महिन्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, त्यांचा मला फोन आला. "मुळ्ये, मशीन परत अटकून राहिलंय. येतोस का?"

मी गेलो. खिडकीवर वाळ्याचा पडदा लावलेला, खोलीत ओला वास. मशीन एका बाजूला, कूलरपासून लांब, पंखे स्वच्छ. सर थोडे वाळले होते. खेळ उघडाच होता. त्यात सरावाचं एक मैदान असतं, जिथे शत्रू नसतो, नुसत्या लाकडी आकृत्या असतात. तिथे त्यांचा माणूस उभा होता. पडद्याच्या कडेला टोळीतल्या दोस्तांची नावं दिसत होती. तिन्ही करड्या रंगात, म्हणजे कुणीच खेळात नव्हतं.

"हे बघ," ते म्हणाले आणि त्या मैदानाला गोल धावायला लागले. "इथे वळताना. दिसलं? आत्ता. दिसलं का?"

मला काही दिसलं नाही. त्यांनी परत एक फेरी मारली. परत एक. आकडा शंभराच्या वर, स्थिर. चित्र पाण्यासारखं वाहत होतं. मी सेटिंग उघडली, प्रत्येक पान बघितलं. सगळं जिथे असायला हवं तिथे होतं. तापमान तपासलं, तार तपासली. बदलण्यासारखी एकही गोष्ट त्या मशीनमध्ये उरलेली नव्हती. सर माझ्या हाताकडे बघत होते, डॉक्टरने नाडी धरल्यावर घरचे लोक बघतात तसे.

"सापडलं काही?"

"बंद करून परत चालू करून बघू सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, एक बसलेला, एक वाकलेला. मशीन लगेच चालू झालं, आता ते फार वेळ घेत नाही. सरांनी खेळ परत उघडला, मैदानात उतरले आणि पळायला लागले. एक फेरी पूर्ण झाली.

"हां," ते म्हणाले. "आता ठीक आहे. तुझा हात लागला की ठीक होतं."

चहाला थांब म्हणाले, पण मला ते जमेना. मी निघालो. फाटकाशी पोहोचून कडी लावताना वळून बघितलं. वाऱ्याने खिडकीवरचा वाळ्याचा पडदा एका बाजूला सरकला होता. सर ताठ बसले होते, पाठ खुर्चीला न टेकवता. त्यांनी हेडफोन चढवला, त्याचा माइक वाकवून ओठांजवळ आणला, आणि मशीनच्या पडद्यावर तो माणूस परत धावायला लागला.